कळण, भरीत, दही, शेव

बाबा सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन-चार पिवळ्या चिठ्ठ्या असायच्या. तळहाताएवढ्या, मिलच्या छापील पॅडच्या. आई शर्ट भिजत घालण्याआधी खिसे उलटे करायची आणि चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. पाणी तापवायची चूल पेटवायला त्या बऱ्या पडायच्या. नवागामच्या आमच्या खोलीत कागद असे ते तेवढेच, आणि माझी पुस्तकं.

चिठ्ठीवर असं लिहिलेलं असायचं: पळस रवव. हळद ळरव. मग एक रेघ, आणि रेघेखाली दरव. वरच्या कोपऱ्यात किती मशीन लावायची तो आकडा, साधा, सगळ्यांना वाचता येईल असा.

पळस म्हणजे लाल रंग, हळद म्हणजे पिवळा आणि मोर म्हणजे निळा, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापुढची अक्षरं म्हणजे ग्रॅममधलं वजन, हेही ठाऊक होतं. पण कुठलं अक्षर म्हणजे कुठला आकडा, हे मिलमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक, चिठ्ठी लिहिणारे डाईंग मास्तर. दुसरे, ती वाचून काट्यावर रंग जोखून देणारे माझे बाबा.

मास्तर आईच्या गावचे. रक्ताचं नातं काही नाही, पण आईच्या गावचा माणूस म्हणजे मामा, एवढा हिशेब आमच्याकडे पुरतो. त्यांनीच बाबांना खानदेशातून सुरतेला आणलं, रंगाच्या खोलीत उभं केलं आणि ती दहा अक्षरं पाठ करून घेतली. बाबा चौथी शिकलेले. पण चिठ्ठी हातात आली की न अडखळता वाचायचे.

मामांनी ही भानगड का केली होती, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. मी तेव्हा आठवीत असेन. आधीच्या मिलमध्ये त्यांनी सगळ्या शेडची, म्हणजे रंगछटांची, मापं उघड्या आकड्यांत एका वहीत लिहून ठेवली होती. शेठनी गोड बोलून आपल्या पुतण्याला त्यांच्या हाताखाली दिलं.

"मी त्याले शिकाडं," मामा म्हणाले. "पुतण्या शिकना, वही शेठनी ठी लिधी, आन् मी घर बसनू."

म्हणून नव्या मिलमध्ये त्यांनी वही लिहिली ती अक्षरांत. शेकडो शेड होते तिच्यात. साडीवाला व्यापारी जुना तुकडा घेऊन यायचा, अगदी असाच गुलाबी पाहिजे म्हणायचा, आणि मामा वही उघडून चिठ्ठी लिहायचे. रंगाच्या खोलीत तिसऱ्या माणसाला यायला बंदी होती, कारण काट्यावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचं अक्षर कुणी एकत्र पाहिलं तर सगळंच उघडं पडलं असतं. मामांचे केस पिकले, डोळ्यांना चष्मा लागला, मॅनेजर बदलले, पण मामांना कुणी हलवू शकलं नाही. त्या वहीवर त्यांची नोकरी उभी होती.

हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पोर अजाण होती असं नंतर कुणी म्हणू नये.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही मामांकडे जेवायला जायचो. ते तेव्हा दिंडोलीला राहायचे. मामी खापरावर मांडे करायच्या आणि मामा दारातच माझी वाट पाहायचे. मी कॉलेजात गेले त्या वर्षी त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "कालेजनी मॅडम उनी व! खुर्ची काढा!"

मी लाजून खाली वाकले. मामांनी झटकन दोन्ही पाय मागे घेतले, जणू चटका बसला.

"भाची कधी पाया पडस का? आमले पाप लावस का तू?" आणि उलट त्यांनीच वाकून माझ्या पायाला बोटं लावली. आमच्याकडे तीच रीत आहे. भाचीने मामाच्या पाया पडायचं नाही, मामाने भाचीच्या पडायचं. त्यांच्या नखांच्या कडेला नेहमी निळा रंग साचलेला असायचा. तो साबणाने जात नसे. माझ्या चपलेच्या पट्ट्यावर ती निळी नखं टेकलेली मला अजून दिसतात.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली. दहावीपर्यंत महानगरपालिकेची मराठी शाळा, मग दोन वर्षं गुजराती, आणि आता सगळं इंग्रजीत. पहिलं वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रश्न समजला तरी उत्तर तीन भाषांतून फिरून ओठांवर येईपर्यंत दुसरं कुणीतरी देऊन मोकळं व्हायचं. मुली वाईट नव्हत्या. फक्त मी बोलायला लागले की त्या अगदी लक्ष देऊन ऐकायच्या, लहान मुलाचं ऐकतात तसं. ते जास्त लागायचं.

दुसऱ्या वर्षी माहितीच्या सुरक्षिततेवर एक विषय होता. त्यात गुप्त लिपीचा धडा आला आणि पहिल्यांदा मला वर्गातलं काहीतरी ओळखीचं वाटलं.

सर गुजराती-इंग्रजी मिसळून शिकवायचे. ते म्हणाले, मजकूर लपवायच्या दोन जुन्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे अक्षरं तीच ठेवून त्यांच्या जागा बदलायच्या. मला लगेच शाळेतली च-ची भाषा आठवली. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. शाळा म्हणजे चळाशा, सुरत म्हणजे चरतसु. बाईंना कळू नये म्हणून आम्ही मधल्या सुट्टीत ती इतक्या वेगाने बोलायचो की बाईंना खरोखरच कळायचं नाही, आणि अर्ध्या वेळा आम्हालाही नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे जागा तीच ठेवून अक्षर बदलायचं. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवायचं. तीन घरं पुढे गेलं की ग चा च होतो, व चा स होतो, त चा ध होतो. गवत लिहायचं तर चसध लिहायचं. ज्याला तीन हा आकडा माहीत आहे तो तीन घरं मागे येतो आणि वाचतो. तो तीन म्हणजे किल्ली. पण ही किल्ली फार कच्ची. आपली व्यंजनं चौतीस. शत्रूने एकेक घर सरकवून पाहिलं तरी तेहेतीस प्रयत्नांत तो आत येतो.

मग अक्षरं ओळीने न सरकवता कशीही वाटली तर? वाटायच्या पद्धती इतक्या होतात की करून बघत बसलं तर जन्म जाईल. पण तिथेही फट राहते. भाषेत काही अक्षरं सारखी येतात, काही क्वचित. वेश बदलला तरी सारखं येणारं अक्षर सारखंच येतं. मोजत बसायचं, की ते आपलं तोंड दाखवतं.

शेवटी सरांनी एक नियम फळ्यावर लिहिला. मी तो वहीत मराठीत उतरवून घेतला: कुलूप कसं चालतं हे जगाला कळलं तरी चालेल, किल्ली कळता कामा नये.

आणि प्रकल्प दिला. आपल्या आसपासचं गुप्त लिपीचं एखादं उदाहरण शोधा, ते उलगडून दाखवा. चांगले प्रकल्प वार्षिक प्रदर्शनात मांडले जातील.

सगळा वर्ग इंटरनेटवरून राजे आणि युद्धं उतरवणार हे उघड होतं. माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याचा डबा आला.

मी आधी बाबांना विचारलं. ते जेवत होते.

"बाबा, मामांची अक्षरं सांगाल का मला? कॉलेजला पाहिजेत."

बाबांचा घास हातातच राहिला. "तुले कसाले जोयजे?"

"अभ्यासाला."

"ती त्यानी वस्तू शे," बाबा म्हणाले. "आपली नही."

एवढंच. पण मी मनात वाद घातला. बाबांनी सांगणार नाही म्हटलं, शोधू नको असं कुठे म्हटलं? आता ही पळवाट लिहितानाही मला तिची लाज वाटते. तेव्हा मात्र ती हुशारी वाटली होती.

एका रविवारी दुपारी मी डबा जमिनीवर उपडा केला. सत्तर-ऐंशी चिठ्ठ्या निघाल्या. आई शेजारीच पीठ चाळत बसली होती.

"हाई काय मांडं?" ती म्हणाली. "चूल पेटाडाना कागद त्या. त्यानावर काय शिकस तू?"

मी अक्षरं मोजायला लागले. दहाच निघाली. दहा अक्षरं, दहा आकडे. ती आकड्यांना वाटायच्या पद्धती छत्तीस लाखांच्या वर, म्हणजे एकेक करून पाहणं शक्य नव्हतं. पण मोजता मोजता व वर खुणा चढत गेल्या. जवळजवळ प्रत्येक वजनाच्या शेवटी व, कितीकदा दोन-दोन व. माणूस मापं गोल करतो. व म्हणजे शून्य.

मग मला दुसरी फट दिसली. मामांनी सगळं झाकलं होतं, फक्त कोपऱ्यातला मशीनचा आकडा उघडा ठेवला होता. एकाच शेडच्या चार चिठ्ठ्या मी ओळीने लावल्या. एक मशीन असताना पळस कवव. दोन मशीन, पळस ळवव. चार मशीन, भवव. आठ मशीन, हवव. म्हणजे क ची दुप्पट ळ, ळ ची दुप्पट भ, भ ची दुप्पट ह. तीनदा दुप्पट करूनही जो एका आकड्यातच राहतो, असा आकडा एकच. एक, दोन, चार, आठ.

मी वहीत एक ते नऊ आणि शून्य अशी दहा घरं आखली आणि सापडलेली अक्षरं भरली. क, ळ, मग रिकामं, मग भ, मग तीन रिकामी, ह, रिकामं, व. उरली होती ण, र, त, द, श. आता बेरजा मांडून तीही काढता आली असती. रवव आणि ळरव मिळून दरव, म्हणजे र मध्ये दोन मिळवले की द. मी तिथेच खोळंबले होते. तीन आणि पाच? पाच आणि सात? सात आणि नऊ?

आई उठली आणि चाळणी आपटत म्हणाली, "आते सरक. माले कळणन्या भाकरी टाकू दे."

ज्वारीत उडीद घालून दळलं की कळण होतं. सुरतेत आमच्याखेरीज ते कुणाच्या तोंडी नाही. मी वहीकडे पाहिलं. क, ळ, रिकामं. तिथे ण लिहिला. कळण. मग भ. कळणाच्या भाकरीबरोबर भ पासून काय असणार? भ, र, त. मग द, ह. मग श, व.

कळण, भरीत, दही, शेव.

दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा नाही. र पाच, द सात. सगळ्या बेरजा जुळल्या. मिलमध्ये गुजराती मॅनेजर, ओडिया आणि उत्तरेकडचे कामगार, कुणाला कधी सुचणार नाही अशी किल्ली मामांनी निवडली होती. गावाकडचं जेवणाचं ताट. ते सुचायला आमच्याच घरात जन्मावं लागलं असतं. जन्मले होते मी.

मी आनंदाने ओरडले, हे लपवणार नाही. आईला मिठी मारली. तिला काहीच कळलं नाही, पण पोरगी हसते आहे म्हणून तीही हसली.

प्रकल्पाचा मोठा तक्ता मी आठवडाभर रंगवला. सरळ, सच्चेपणाने, एकही पायरी न गाळता. खऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांच्याखाली दहा घरांत किल्ली लिहिली. वर्गातली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची, तिने तक्ता पाहिला आणि गुजरातीत म्हणाली, "अरे, साची चावी शु काम लखे छे? बीजी नाख ने, कोने खबर पडवानी?"

खरी किल्ली कशाला लिहितेस, दुसरी घाल, कुणाला कळणार आहे? अगदी साधी गोष्ट होती. दहा अक्षरं बदलायची, चिठ्ठ्या माझ्या हाताने नव्या लिहायच्या. एका संध्याकाळचं काम.

मी म्हटलं, "मग ते खरं उदाहरण राहणार नाही."

त्या मुलीचे वडील कापड बाजारात दलाल होते. काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे तिला घरी न शिकवता कळत असावं. मला शाळेने फक्त खरं लिहायला शिकवलं होतं. आणि त्याच तक्त्यावर सगळ्यात वर, लाल अक्षरांत, मीच लिहिलं होतं की किल्ली कळता कामा नये.

प्रदर्शनाला आसपासच्या मिलमधले लोक पाहुणे म्हणून बोलावले होते. आम्हाला पुढे नोकऱ्या मिळाव्यात म्हणून कॉलेज बोलावतं. दुपारी एक गृहस्थ माझ्या तक्त्यापाशी थांबले. चिठ्ठ्यांच्या पिवळ्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी मायेने म्हणाले, "बेटा, आ चिठ्ठी क्यांथी लावी?"

मी सांगितलं. माझे पप्पा त्या मिलमध्ये आहेत, रंगाच्या खोलीत. मला वाटलं, बाबांचा मान वाढेल.

"अच्छा!" ते हसले. "तो तो आपणी ज दीकरी! समजाव जोईए."

आपलीच मुलगी. समजावून सांग बघू. आणि मी सांगितलं. व शून्य कसा निघाला, मशीनचा आकडा कसा चुकून उघडा राहिला, कळण म्हणजे काय. वर्गात न फुटलेलं माझं तोंड तेव्हा असं मोकळं सुटलं की थांबेना. त्यांनी मधे मधे बहु सरस, बहु सरस म्हटलं, शेवटी मोबाइलने तक्त्याचे फोटो काढले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते बाबांच्या मिलचे मॅनेजर होते.

मला पहिलं बक्षीस मिळालं. काचेचं एक फूल, खाली लाकडी ठोकळा.

पुढचं मला बाबांनी लगेच सांगितलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या आठवड्यात मामा भाच्याच्या लग्नाला गावी गेले होते. वही रंगाच्या खोलीतल्या कपाटात, नेहमीसारखी. कुणी उघडली तरी वाचणार कोण, म्हणून त्यांनी ती कधी घरी नेलीच नव्हती. मॅनेजरने कपाट उघडवलं, एका कॉम्प्युटरवाल्या पोराला बसवलं आणि मास्तरांच्या हस्ताक्षराची सवय म्हणून बाबांना बोलावून वही वाचायला सांगितली.

बाबा म्हणाले, मला येत नाही. मास्तर सांगतात तसं मी जोखतो.

बाबा खोटं बोललेले मी आयुष्यात ऐकले नव्हते. ते एकदाच बोलले, आणि त्यावर मॅनेजरने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. माझं अक्षर. दहा घरं. खाली माझं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक.

"तारी दीकरीने आवडे," मॅनेजर म्हणाला, "ने तने ना आवडे?"

तुझ्या मुलीला येतं आणि तुला येत नाही? खोलीत असलेले सगळे हसले म्हणे. बाबा खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले. पाच दिवस वाचत होते.

मामा गावाहून परत आले तेव्हा त्यांना बाहेरच्या ऑफिसात बसवून चहा दिला गेला. मास्तर, हवे आराम करो, म्हणजे आता कामावर येऊ नका, असं सांगण्यात आलं. वही मागितली तर ती मिलच्या कागदांवर लिहिली आहे म्हणून मिलची, असं उत्तर मिळालं.

पहिल्या महिन्यात कॉम्प्युटरवरून केलेला एक मोठा लॉट बिघडला. मरून रंग यायचा तो विटकरी आला. मामा सकाळचं पाणी जिभेवर घेऊन माप थोडं कमी-जास्त करायचे, ते वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी देवापुढे हात जोडले. आता त्यांना परत बोलावतील. बोलावलं नाही. पाणी तपासायचं एक यंत्र आणलं. दोन लॉट अजून बिघडले, मग सगळं सुरळीत झालं. माणसावाचून अडत नाही, हे तेव्हा मला कळलं. पुस्तकात हा नियम नव्हता.

बाबांना रंगाच्या खोलीचा इनचार्ज केलं. त्यांनी मागितलं नव्हतं, पण नाही म्हणायची सोयही नव्हती. नवागाममध्ये, दिंडोलीत, जिथे जिथे आमच्याकडची माणसं आहेत तिथे एकच बोलणं फिरलं. पोरीला शिकवलं ते याच्यासाठी. एक काकू नळावर आईला हसत हसत म्हणाली, "आमन्या पोरी बिनशिकेल ते बऱ्या शेतस माय, कोनं पोट तरी फाडतीस नही."

आई हंडा अर्धा भरलेलाच उचलून घरी आली. त्या दिवसापासून चिठ्ठ्यांचा डबा दिसेनासा झाला. तसाही त्याचा उपयोग नव्हता. आता चिठ्ठ्या कॉम्प्युटरमधून छापून येतात, आकड्यांत.

बाबा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. एकदा मीच धीर करून म्हटलं, "बाबा, मी मुद्दाम नाही केलं."

ते पंख्याकडे पाहत म्हणाले, "माले ती दहा अक्षरं त्यानी दिधी व्हती. मन्हा घरमातून गयात."

मामांनी पांडेसऱ्यात दोन-चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे प्रयोगशाळा, यंत्रं, शिकलेली पोरं. मग दिंडोलीची खोली सोडून ते चलथाणला मुलाकडे राहायला गेले. मुलगा साखर कारखान्यात आहे.

या वर्षी आखाजीला बाबा म्हणाले, मला सुट्टी नाही. सुट्टी होती. आई म्हणाली, माझी कंबर दुखते. मी एकटीच बसने चलथाणला गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं होतं, अहिराणीत, कारण मराठीत ते पुस्तकासारखं वाटत होतं.

मामा ओट्यावर बसले होते. हातात पेपर होता. हाक आली नाही. मला ओळखलं, पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ये."

मामींनी पाणी दिलं. मांड्यांचा वास येत होता. मामांनी विचारलं, कितवं वर्ष? मी सांगितलं. बाप बरा आहे का? मी म्हटलं, बरे आहेत. पाठ केलेलं काहीच आठवेना. मामांच्या हातांकडे नजर गेली. नखं स्वच्छ होती, अगदी पांढरी. वर्षानुवर्षांचा निळा रंग काही महिन्यांत निघून गेला होता.

"मामा, मन्हं चुकनं," मी एवढंच म्हणू शकले.

"तू काय चुकनी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू शिकेल शे. तुले उनं, तू वाचं. चूक ते मन्ही. ते मशीनना आकडा झाकाले जोयजे व्हता."

मी उठले आणि त्यांच्या पायांशी वाकले. वाकताना मला खात्री होती. आता पाय मागे जातील. आता ते म्हणतील, भाची कधी पाया पडस का.

पाय हलले नाहीत. माझा हात त्यांच्या पावलांना लागला. पावलं थंड होती. मी तशीच वाकून राहिले, थोडी जास्त वेळ, त्यांना वेळ मिळावा म्हणून. मग डोक्यावर हात आला.

"सुखी राहा," ते म्हणाले, कुणाच्याही मुलीला म्हणतात तसं.